वेचणीच्या दिवसांतले चिंतोपंत

कुत्र्याला "अहो, जरा बाजूला व्हा" म्हणणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. नुसता पाहिला नाही, त्याच्या हाताखाली दुय्यम मास्तर म्हणून नोकरी केली आहे.

परवा आमच्या गावचे नवे मास्तर माझ्या ओसरीवर येऊन कुरकुरत बसले होते. दसरा झाला, पोरं शाळेतून गळायला लागली, सगळी कापसात गेली, आता काय करावं म्हणत होते. त्यांना वाटलं, म्हातारा शाळेतला जुना माणूस आहे, एखादी युक्ती सांगेल. मी म्हटलं, युक्ती माझ्याजवळ नाही, पण या गावात एक मास्तर होऊन गेले त्यांचं सांगतो. ते जरा हिरमुसले. पण गूळपाणी समोर आलं होतं, त्यामुळे उठून जाता येईना, आणि मी सांगत सुटलो. तेच इथं लिहून काढतो आहे.

चिंतोपंत कोकणातले. ते आमच्याकडं आले तेव्हा वऱ्हाडात कापसाचं वेड लागलं होतं. सातासमुद्रापलीकडं कुठं तरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याचा भाव आला होता. लढाई कोणाची, कशासाठी, हे कोणाला ठाऊक नव्हतं. ती लवकर मिटू नये एवढंच सगळ्यांना वाटत होतं. ज्वारी मागं पडली, तूर मागं पडली, लोकांनी बांधाच्या धुऱ्यापर्यंत कपाशी लावली. मुंबईचे अडते गाड्या घेऊन थेट खळ्यावर यायचे. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. अकोल्याकडं आगगाडीच्या रस्त्याचं काम चालू होतं, त्याच्या बातम्या रोज पारावर यायच्या. आणि अशा गावात सरकारनं शाळा काढली. पोरांना शिकायला वेळ नव्हता आणि बापांना ऐकायला.

आमचं गाव दर्यापुराहून अकोल्याकडं जाणाऱ्या गाडीवाटेवर, पूर्णेच्या काठी. इकडं विहिरीचं पाणी खारं. नदीच्या वाळूत झिरा उकरायचा आणि त्यातलं गोडं पाणी वाटीवाटीनं भरायचं, ही आमची रीत. मास्तरांना पहिल्या दिवशी कोणी सांगितलं नाही. त्यांनी विहिरीचा तांब्या तोंडाला लावला, घोट घेतला, आणि पाणी देणाऱ्या बाईला म्हणाले, "छान आहे." तिनं ही गोष्ट गावभर केली. मला मेल्याला तेव्हाच कळायला पाहिजे होतं, की हा माणूस आपल्याला जे खुपतं ते तोंडानं बोलायचा नाही.

त्यांचं ते अहोजाहो मात्र गावाला पचायला वेळ लागला. आमच्याकडं बाप लेकाला आणि लेक बापाला एकाच सुरात हाक मारतो, त्यात कोणाला काही वाटत नाही. हा माणूस शेंबड्या पोराला म्हणायचा, "अहो तुकाराम, पाटी घ्या." तुकाराम मागं वळून पाहायचा, आपला आजा येऊन उभा राहिला की काय म्हणून. "मास्तर कुत्र्यालेई अहोजाहो करते," असं म्हणून गाव पोट धरून हसलं. पण पोरांना ते आवडायला लागलं. घरी दिवसभर अबे-तबे ऐकणाऱ्या पोराला शाळेत कोणी 'आपण' म्हणतं, तर ते नाक पुसून येऊ लागलं.

शाळा म्हणजे पाटलांचा रिकामा गोठा. मास्तरांनी तो स्वतः सारवला, नदीवरून पांढरी माती आणून भिंती पोतारल्या, आणि दारापुढं ओटा घातला. मी म्हटलं, गडी लावू. तर म्हणाले, "गडी कापसात आहेत, आपण मोकळे आहोत." महारवाड्यातली दोन पोरं ओट्याच्या खाली बसत. त्यांना वर घ्यायची गावाची तयारी नव्हती, आणि मास्तरांनीही तो वाद काढला नाही. खरं ते सांगतो. फक्त शिकवताना ते आत बसत नसत. ओट्याच्या अगदी काठावर यायचे, म्हणजे दोन्हीकडं सारखा आवाज जायचा. पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी त्यांच्या खांद्यावर पडायचं, तरी जागा बदलली नाही.

छडी त्यांच्याजवळ नव्हती. मी तापट माणूस, माझा हात चालायचा. त्यांनी मला कधी अडवलं नाही, पण मी हात उगारला की ते शिकवायचं थांबायचे आणि गप्प बसून राहायचे. सगळी शाळा माझ्याकडं पाहायची. असा अवघडून जायचो की शेवटी हात खाली यायचाच. कोणी रागानं आलं की त्यांचं एकच बोलणं, "आधी बसा." एकदा गणू म्हणून एक शेतकरी हातात बैलाची तुतारी, म्हणजे टोकाला आर लावलेली काठी, घेऊन आला. पोरगं राखणीला पाहिजे होतं आणि ते इथं अ आ ई करत होतं. दारातूनच ओरडला. मास्तर म्हणाले, आधी बसा. गणू बसला, तो पोराच्या रांगेतच बसला. मास्तरांनी त्याला पाणी दिलं आणि शिकवणं पुढं चालू केलं. मधूनच उठावं कसं, हे त्याला समजेना. शाळा सुटेपर्यंत मांडी घालून बसला, तुतारी मांडीवर. सुटल्यावर उठून तडक घरी गेला आणि पोराला न्यायचं विसरला. त्याची बायको तेवढी हसत हसत पोराला घेऊन गेली.

बायकांचं आणि मास्तरांचं गूळपीठ जमलं ते भुलाबाईपायी. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडं पोरी भुलाबाई बसवतात. रोज एकेका घरी जाऊन गाणी म्हणायची, आणि मग घरवालीनं झाकून ठेवलेली खिरापत ओळखायची. ओळखली तर पोरी जिंकल्या, नाही तर घरवाली. शाळेत तेव्हा पोरी नव्हत्या. मास्तर म्हणाले, एक दिवस शाळेच्या ओट्यावर भुलाबाई येऊ द्या, खिरापत मी करतो. पुरुषमाणूस खिरापत करणार, म्हणून पोरींबरोबर त्यांच्या आयाही आल्या, आणि आयांबरोबर पाटलीणबाईही.

पाटलीणबाईंचं थोडं सांगायला पाहिजे. गावाचे पाटील दौलतराव. आवाज मोठा, मिशा मोठ्या. पण गावात चालायचं ते पाटलीणबाईंचं. त्या फार बोलत नसत. एखादी गोष्ट एकदा बोलल्या की मग ती परत घेत नसत, पाटलांनी डोकं आपटलं तरी. त्या दिवशी त्या ओट्यासमोर येऊन बसल्या आणि पोरी ओळखायला लागल्या. लाडू? नाही. करंजी? नाही. पुरणाचे दिवे, धिरडी, सांजोरी, सगळं झालं. मास्तर नुसते मान हलवत होते. शेवटी पोरी थकल्या, आया थकल्या, आणि पाटलीणबाई म्हणाल्या, "हारलो बाप्पा. उघडा आता." आत पातोळ्या होत्या. तांदळाचं पीठ हळदीच्या पानात लपेटून उकडलेलं, आत गूळ. हळदीची पानं माझ्या मायच्या भाजीच्या मळ्यातली, तांदूळ अमरावतीहून मागवलेले. एका पोरीनं तर पानासकट चावली. पाटलीणबाईंनी दोन खाल्ल्या आणि विचारलं, याच्यात तिखट काहून नाही टाकत? मास्तर गंभीरपणे म्हणाले, पुढल्या वर्षी टाकून पाहू. तेव्हापासून गावातल्या बायका त्यांच्याशी डोक्यावरचा पदर नीट करून, पण मोकळेपणानं बोलू लागल्या.

दसऱ्याला ते पाटीपूजन करायचे. पोरं पाटीवर रेघांची सरस्वती काढायची, तिला झेंडूचं फूल. मास्तरांनी गावाला सांगितलं, तुमची हत्यारंही इथंच आणा, एकत्रच पूजा करू. सुतारानं लाकूड तासायचा वाकस आणला, कोणी विळे आणले, कोणी डवऱ्याची लोखंडी पास, अडत्याच्या माणसानं तागडी आणली. सगळं पाट्यांच्या ओळीत मांडलं. मग एकमेकांना आपट्याचं सोनं देणं झालं. पाटील तेव्हा म्हणाले होते, अशी भरलेली शाळा डिप्टीनं पाहायला पाहिजे होती.

हा डिप्टीच आमच्या जिवाला घोर होता. शाळा तपासायला वर्षातून एकदा यायचा आणि नेमका वेचणीच्या दिवसांत यायचा. आदल्या साली आला तेव्हा शाळेत चार पोरं होती आणि त्यांतलं एक झोपलेलं. कसं असणार? पहिली वेचणी म्हणजे घरातलं जेवढं चालतं-फिरतं आहे ते सगळं वावरात. पोरांचे हात हलके, बुटक्या झाडाची खालची बोंडं तीच वेचणार. डिप्टी माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का. जाताना सांगून गेला, पुढल्या साली शाळा अशी रिकामी दिसली तर ती नदीपलीकडच्या गावाला देऊन टाकीन, तिथले लोक मागून राहिले आहेत. आणि मास्तरांना म्हणाला, मग तुम्हालाही तिकडं ठेवता येणार नाही. ज्याच्या हातून शाळा गेली त्याला मेळघाटाच्या पायथ्याशी, रानातल्या शाळेवरच जावं लागतं. मास्तरांच्या मागं कोणी नव्हतं. बायको कोकणातच वारली होती, मूल नव्हतं. पोतारलेल्या भिंतींचा तो गोठा, एवढंच त्यांचं घर होतं.

म्हणून त्या साली त्यांनी एक गोष्ट केली. पाटलांकडं नाही गेले, पाटलीणबाईंकडं गेले. आमच्याकडं कपाशीला पहिला हात पुरुष लावत नाही. आधी बाया वावरात जातात, झाडाच्या बुडाशी खडे मांडून त्यांना हळदकुंकू वाहतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि तो चारी दिशांना उधळतात. याला सीतादही म्हणतात. ते झाल्याशिवाय वेचणीला सुरुवात नाही, आणि आमच्या गावात पाटलांच्या वावरात सीतादही झाल्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या वावरात होत नाही. डिप्टीचा निरोप आला होता की कोजागिरीनंतर आठवड्याभरात येतो. मास्तरांनी पाटलीणबाईंना एवढंच विचारलं, की यंदा सीतादही तेवढे दिवस पुढं ढकलता येईल का. पाटलीणबाईंनी जरा विचार केला. देव्हाऱ्यासमोर जाऊन हात जोडले आणि परत येऊन म्हणाल्या, ठीक आहे, डिप्टी येऊन जाईपर्यंत आम्ही कापसाला हात लावत नाही.

गाव नुसतं थक्क झालं. पाटील तर दोन दिवस जेवताना बोलले नाहीत. पण करणार काय? बाईंनी देवासमोर शब्द दिला होता. आणि शाळा भरली. अशी भरली की ओटा पुरेना. मास्तर उजळणी घेत होते, मी पाढे घेत होतो, आणि डिप्टी येत नव्हता.

आठवडा गेला. दिवाळी आली, गेली. डिप्टीचं तट्टू लंगडं झालं म्हणे, मग कुठं तरी त्याला ताप आला म्हणे. इकडं कपाशी फुटून पांढरीफेक झाली होती. वाऱ्यानं कापूस बोंडातून लोंबायला लागला, काही खाली मातीत पडू लागला. आजूबाजूच्या गावांची पहिली वेचणी उरकत आली होती. त्यांच्या भरल्या गाड्या आमच्या वेशीसमोरून अकोल्याला जात, आणि गाडीवान आमच्या वावरांकडं पाहून विचारत, काहून बुवा, गावात कोणी मेलं का? लोक मास्तरांना तोंडावर काही बोलत नव्हते. माघारी मात्र बोलत होते, आणि माझ्यासमोर तर मुद्दाम बोलत होते. मी घरी येऊन मायवर चिडायचो. मास्तर रोज शाळा सुटली की वावरांकडं चक्कर मारून यायचे. परत आले की नीट जेवत नसत.

मग एका संध्याकाळी आभाळ आलं. कार्तिकातलं आभाळ, काळं, दर्यापूरच्या अंगानं चढलेलं, वारा पडलेला. फुटलेल्या कापसावर पाऊस म्हणजे काय, हे कोणाला सांगायची गरज नव्हती. भिजून पिवळा पडतो, मातीत जातो, अडत्या हात लावत नाही. वर्षाचं पीक एका रात्रीत. आणि त्याच संध्याकाळी, आम्ही शाळेच्या दाराचा तट्टा, म्हणजे झापड, लावत होतो तेव्हा, डिप्टीचा चपराशी आला. साहेब उद्या दुपारी येतात, पोरं हजर ठेवा, असं सांगून तो पुढच्या गावाला निघून गेला.

मी आनंदानं उडायचा तेवढा बाकी होतो. एक दिवस! एवढे दिवस थांबलो, आता एक दिवस. मास्तर आभाळाकडं पाहत होते. एवढ्यात पाटलांचा गडी बोलवायला आला.

पाटलांच्या अंगणात पाटील बाजेवर बसले होते, पाटलीणबाई चुलीपाशी. त्यांच्यासमोर दुधाचं भांडं होतं आणि विरजणाची वाटी. मास्तरांना पाहून त्या उठल्या. पाटील काही तरी म्हणणार होते, त्यांना हातानंच थांबवलं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "मी देवापुढं बोलली ते तुमच्यासाठी बोलली. माह्या शब्दानं गाव थांबलं. आता आभाळ असं हाय. हे दूध पाहा. आज विरजलं तर उद्या सकाळी सीतादही होते. नाई विरजलं तर उद्या नाई. तुमीच सांगा मले, विरजू का नको?"

मी मास्तरांकडं पाहिलं. चपराशी येऊन गेल्याचं अजून कोणाला माहीत नव्हतं. मी तोंड उघडलं, आणि मास्तरांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. हात घट्ट नव्हता, नुसता ठेवला होता.

"विरजा, बाई," ते म्हणाले. "आणि पोरं पण न्या वावरात. सगळी न्या."

पाटील म्हणाले, "आन् डिप्टी?"

"त्यांचं मी बघतो."

परत येताना मी वाटेत उभा राहिलो आणि बोललो. काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. एवढंच, की चपराशाचं सांगितलं असतं तर बाई नक्की थांबल्या असत्या, हे मी त्यांना चारदा ऐकवलं. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "थांबल्या असत्या. म्हणूनच नाही सांगितलं." मी म्हटलं, निदान पाच-सात पोरं ठेवून घेऊ, डिप्टीला दाखवायला. तर म्हणाले, कोणाची ठेवायची ते तुम्ही सांगा. ज्याचं पोर ठेवलं त्याचा कापूस मागं राहील.

सकाळी पाटलांच्या वावरात सीतादही झालं, आणि मग एकामागून एक सगळ्या वावरांत. गाव रिकामं झालं. मास्तर धोतर खोचून पाटलांच्या वावरात उतरले, उपरण्याची ओटी बांधली आणि वेचायला लागले. त्यांना वेचता येत नव्हतं. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. आमच्या हातांना सवय असते, त्यांची बोटं अर्ध्या सकाळीत रक्ताळली. बाया हसल्या, मग हसेनाशा झाल्या. आभाळ तसंच होतं. कोणी पाण्यालाही थांबत नव्हतं.

दुपारी मास्तरांनी मला खूण केली. आम्ही दोघंच शाळेत आलो. डिप्टी आला तेव्हा मास्तर ओट्यावर उभे होते, अंगरख्याला कापूस चिकटलेला, बोटांना चिंध्या बांधलेल्या. आत एकही पोर नव्हतं. डिप्टी रिकामा गोठा पाहून बाहेर आला. मला वाटलं ओरडेल. ओरडला नाही. त्यानं वर पाहिलं. तेवढ्यात वारा सुटला होता आणि ढग फाटून नदीपलीकडं चालले होते. ऊन पडलं होतं.

"मास्तर," तो म्हणाला, "एक दुपार थांबले असते हे लोक. पाऊस तर आलाच नाही."

मास्तरांनीही वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे पाहिलं ते मला आजवर विसरता आलेलं नाही, कारण तिथं पश्चात्ताप शोधूनही सापडत नव्हता.

"नाही आला," ते म्हणाले. "बरं झालं."

डिप्टीनं मास्तरांच्या बोटांकडं एकदा पाहिलं. मग लिहिलं. नियम होता. शाळा नदीपलीकडं जाणार आणि मास्तर मेळघाटाकडं.

वावरात ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. पाटलीणबाई तशाच आल्या, कमरेची ओटी कापसानं भरलेली. मास्तरांसमोर उभ्या राहिल्या.

"आज येते हे तुमाले मालूम होतं?"

"होतं."

"काल? मी विचारलं तवा?"

"होतं, बाई."

त्यांच्या हातून ओटी सुटली, कापूस मातीत सांडला. मग डिप्टीकडं वळल्या. असल्या साहेबाशी त्या जन्मात बोलल्या नव्हत्या. म्हणाल्या, "साहेब, शाळा नेता तर न्या. हा मानूस राहू द्या इथं." डिप्टी खाली मान घालून म्हणाला की ते माझ्या हातात नाही. पाटीलही येऊन उभे होते. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण ते खाली वाकून मातीतला कापूस गोळा करायला लागले.

चार-पाच दिवसांनी मास्तर निघाले. फळा, नकाशा, घंटा, हजेरीची वही, सगळं सरकारी सामान आदल्या दिवशीच नदीपलीकडं गेलं होतं. मास्तरांचं सामान म्हणजे एक वळकटी आणि एक तांब्या. वेचणी अजून चालू होती, म्हणून त्यांनी कोणाला पोचवायला येऊ नका असं सांगून ठेवलं होतं. पाटलांनी गाडी दिली. मी सकाळी वळकटी गाडीत टाकली. मास्तर म्हणाले, शाळेवरून जाऊ, झापड नीट लावली आहे का पाहतो.

झापड उघडी होती. आत सगळी शाळा बसली होती. एकसुद्धा जागा रिकामी नव्हती. पोरांनी आंघोळी केल्या होत्या, डोक्याला तेल, पाट्या मांडीवर. ओट्याच्या खालची दोन पोरं त्या दिवशी ओट्याच्या पायरीवर बसलेली होती आणि त्यांना कोणी उठवलं नव्हतं. बाहेर लिंबाखाली बाया उभ्या होत्या, गावातल्या सगळ्या, पाटलीणबाई पुढं. गणूही होता. त्या सकाळी एकाही वावरात माणूस नव्हता, आणि आभाळ स्वच्छ होतं, वेचायला याहून चांगला दिवस नव्हता. हे कोणी ठरवलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मला कोणी विचारलं नव्हतं, एवढं खरं.

मास्तर दारात उभे राहिले. मला वाटलं आता रडतील, आणि ते रडले तर आपलं काही खरं नाही. ते गाडीवानाकडं वळले आणि म्हणाले, "अहो, बैल सोडा." मग ओट्याच्या काठावर आपल्या जागेवर बसले आणि हजेरी घ्यायला लागले. वही नव्हती. त्यांनी पाठच म्हटली, एकेक नाव, बापाच्या नावासकट. प्रत्येक नावाला आतून 'हजर' आलं, आणि प्रत्येक वेळी मास्तर मान हलवून पुढचं नाव घेत होते. त्यांचे हात मांडीवर होते, बोटांच्या चिंध्या अजून सुटल्या नव्हत्या.

मला तिथं थांबवेना. मी मागं गेलो, सोडलेल्या बैलांपुढं कडबा टाकला, आणि गाडीच्या जोखडाला टेकून उभा राहिलो. आतून पाढे सुरू झाले होते. आता दुपारपर्यंत गाडी निघणार नव्हती.